‘दीड लाखांची करसवलत’ कोटेशनवरून खोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत इलेक्ट्रिक मोटारीच्या चौकशीला गेलेल्या ग्राहकाच्या हाती जे कोटेशन पडते, त्यात तळाशी किंवा विक्रेत्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘शिवाय कर्ज काढलंत तर दीड लाखाची टॅक्स सूट.’ ही सूट आज नव्याने गाडी घेणाऱ्या कुणालाही मिळत नाही. प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०-ईईबीखालची ही वजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. मुदत वाढवली गेली नाही. कलम पुस्तकात अजून आहे, कारण त्या काळात कर्ज घेतलेल्यांचे हप्ते अजून चालू आहेत. गोंधळ नेमका इथेच होतो. कलम दिसते म्हणून सवलत चालू आहे असे समजून लोक दहा-बारा लाखांचे कर्ज उचलतात, आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरताना सीएकडून खरी गोष्ट कळते. हातात रोख असूनही केवळ या सुटीसाठी कर्ज काढणे म्हणजे तर बँकेला नऊ-दहा टक्के व्याज विनाकारण भरणे.

यातली तारीख कर्जमंजुरीची आहे, गाडी घेतल्याची नाही. मार्च २०२३ मध्ये मंजुरीपत्र मिळाले आणि गाडी जूनमध्ये हाती आली, तरी माणूस पात्र. उलट गाडी मार्चमध्ये बुक केली आणि कर्ज एप्रिलमध्ये मंजूर झाले, तर अपात्र. म्हणून ज्यांचे कर्ज त्या काळातले आहे त्यांनी मंजुरीपत्र जपून ठेवावे. व्याजाच्या वार्षिक दाखल्यावर मंजुरीची तारीख असतेच असे नाही. पुढे दर कमी मिळतो म्हणून ते कर्ज दुसऱ्या बँकेत हलवले असेल, तर नव्या कर्जाची मंजुरी मुदतीनंतरची ठरते आणि वजावटीवर वाद उभा राहू शकतो. पाव टक्का वाचवायला जाऊन हे दुखणे मागे लावून घेऊ नये.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून किंवा तिथले व्हिडिओ पाहून आणखी एक समज इथे पसरला आहे. तिथे नव्या इलेक्ट्रिक मोटारीवर ७,५०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळे, म्हणजे भरावयाच्या करातूनच तेवढी रक्कम वजा होई. तीही सोय ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीसाठी बंद झाली. आपल्या ८०-ईईबीचा हिशेब तसा कधीच नव्हता. ती करातली नव्हे, उत्पन्नातली वजावट. तीही फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. वर्षाला दीड लाख ही कमाल मर्यादा. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाने पूर्ण दीड लाख व्याज भरले, तरी उपकरासह त्याचे वाचणार ४६,८०० रुपये. आणि दीड लाख व्याज होते कुणाचे? दहा लाखांचे कर्ज, ९ टक्के दर, पाच वर्षे असे धरले तर हप्ता सुमारे २०,७५८ रुपये येतो आणि पहिल्या वर्षीचे व्याज ८३ हजारांच्या आसपास भरते. चौथ्या वर्षी ते ३२ हजारांवर येते. दीड लाखाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांनी हे कोष्टक कधी छापलेले पाहण्यात नाही.

जुन्या कर्जदारांसाठी बाकीच्या अटीही थोडक्यात सांगायला हव्यात. ही वजावट फक्त व्यक्तीला मिळते. कंपनी, भागीदारी संस्था किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही. कर्ज बँकेचे किंवा कायद्यात बसणाऱ्या वित्तसंस्थेचे हवे, मित्राचे किंवा मालकाचे चालत नाही. गाडी पूर्णपणे बॅटरीवर चालणारी आणि ब्रेक लावताना ऊर्जा परत बॅटरीत घेणारी, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची हवी. हायब्रिड त्यात बसत नाही. दुचाकीलाही हीच वजावट लागू आहे, हे मात्र अनेक स्कूटरवाल्यांना ठाऊकच नव्हते. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या, रिटर्नपासून नुसता आकडा टाकून भागत नाही. कर्ज देणाऱ्याचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, ३१ मार्चची शिल्लक आणि गाडीचा नोंदणी क्रमांक हे सगळे वेगळ्या तक्त्यात भरावे लागते.

सर्वात जास्त लोक अडकतात ते करप्रणालीत. ८०-ईईबी फक्त जुन्या करप्रणालीत आहे (नव्या प्रणालीत दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत), आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून काहीच न निवडणारा आपोआप नव्या प्रणालीत जातो. पगारदाराला दरवर्षी रिटर्नमध्ये जुनी निवडता येते, पण रिटर्न मुदतीत भरले तरच. एरवी ३१ जुलै असलेली ती तारीख चुकली की उशिराचे रिटर्न नव्याच प्रणालीत धरले जाते आणि वजावट गेली. व्यवसायाचे उत्पन्न असेल तर त्याआधी फॉर्म १०-आयईए भरायचा, आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही.

तरीही केवळ गाडीच्या व्याजासाठी जुनी प्रणाली धरून बसू नये. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये १५ लाख पगार असलेल्याचे उदाहरण घ्या. ८०-सीचे (पीएफ, विमा वगैरे बचतीचे) दीड लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, प्रमाणित वजावट ५० हजार आणि गाडीच्या व्याजाचे ३२ हजार इतके सगळे वजा करूनही जुन्या प्रणालीत कर सुमारे १ लाख ३० हजार येतो. नव्या प्रणालीत ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर तो ९७,५०० येतो. घरभाडे भत्त्याची मोठी सूट मिळत असेल तर चित्र बदलते. म्हणून दोन्ही हिशेब करून पाहावेत.

आता ज्या पैशाला खरोखर क्रेडिट म्हणता येईल आणि जो लोक हातचा घालवतात, त्याविषयी. दहा लाखांहून अधिक किमतीची कुठलीही मोटार घेताना विक्रेता कलम २०६-सी (१-एफ) खाली १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला प्राप्तिकर, घेतो. इलेक्ट्रिकही त्यातून सुटलेली नाही. हा टक्का दहा लाखांवरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण किमतीवर असतो. १४ लाखांच्या गाडीला १४ हजार. ऑन-रोड किमतीच्या गर्दीत, विमा आणि फास्टॅगच्या मध्ये हा आकडा बसलेला असल्याने ग्राहकाला तो खर्चच वाटतो. तो खर्च नाही, आपल्याच पॅनवर आगाऊ जमा झालेला कर आहे.

तो परत मिळवण्याची वाट अशी. विक्रेता दर तिमाहीला विवरणपत्र २७-ईक्यू भरतो. एप्रिल ते जूनच्या विक्रीचे १५ जुलैपर्यंत, पुढच्या दोन तिमाहींचे १५ ऑक्टोबर व १५ जानेवारीपर्यंत, आणि जानेवारी ते मार्चचे १५ मेपर्यंत. त्यानंतर पंधरा दिवसांत त्याने फॉर्म २७-डी हे प्रमाणपत्र द्यायचे असते. ते मागून घ्यावे. रक्कम फॉर्म २६-एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या ऑनलाइन उताऱ्यात, दिसली की रिटर्नच्या टीसीएस तक्त्यात ती घेता येते. मार्चमध्ये गुढीपाडव्याला गाडी घेतलेल्याने एप्रिलमध्येच रिटर्न भरायची घाई करू नये, नोंद मेच्या मध्यापर्यंत दिसणारच नाही. पगारदाराने फॉर्म १२-बीएएमध्ये हा टीसीएस आपल्या मालकाला कळवला तर उरलेल्या महिन्यांच्या पगारातून तेवढा टीडीएस कमी कापला जातो. ही सोय १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि बऱ्याच कार्यालयांच्या लेखा विभागालाही ती आठवण करून द्यावी लागते.

बिघडते ते पॅनपाशी. गाडी आईच्या किंवा पत्नीच्या नावावर, पैसे मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यातून, आणि शोरूममध्ये हाताशी होते म्हणून पॅन पैसे देणाऱ्याचे, असा प्रकार सर्रास होतो. मग बिल एकाच्या नावावर आणि क्रेडिट दुसऱ्याच्या. पॅन दिलाच नाही तर दर १ वरून ५ टक्क्यांवर जातो. चूक झालीच, तर ती विक्रेत्यानेच विवरणपत्र दुरुस्त करून सुधारायची असते. प्राप्तिकर कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही. निवृत्त लोकांनी तर विशेष लक्ष द्यावे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही म्हणून रिटर्न न भरण्याकडे कल असतो, पण अशा माणसाला टीसीएसची पै न् पै परतावा म्हणून मिळते. रिटर्न भरले तरच. (इथले सगळे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

मग इलेक्ट्रिक मोटारीत करबचत आहे की नाही? आहे, आणि भरपूर आहे, पण ती प्राप्तिकरात नसून किमतीत आणि आरटीओत आहे. जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलानंतर लहान पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि मोठ्या ४० टक्क्यांवर. इलेक्ट्रिक ५ वरच राहिली. म्हणजे छोट्या गाडीपुरता फरक आता पूर्वीइतका उरलेला नाही. राज्याच्या मोटार वाहन करात मात्र तो अजूनही ठळक आहे. वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १२ टक्के कर पडतो. १५ लाखांच्या गाडीला १ लाख ८० हजार. इलेक्ट्रिकला शून्य. कंपनीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल-डिझेल मोटारीला तर २० टक्के. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात विधिमंडळात मागे घेतला गेला. नोंदणी शुल्कही केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने माफ आहे. कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ या एकाच शब्दापुढे दहा-पंधरा हजार लिहिलेले दिसले, तर ते कशाकशाचे, हे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, कुठल्याही कार्यालयात नोंदणी होणार असो, लेखी मागावे.

केंद्राचे अनुदान खासगी मोटारीला नाही. फेम-२ या आधीच्या अनुदान योजनेत नव्हते, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अनुदान आहे, पण रकमेला आणि गाड्यांच्या संख्येला मर्यादा आहे. म्हणून ते बिलातून वजा होणार की ‘आले की देऊ’, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी कागदावर घ्यावे. पथकरमाफीतही विक्रेते हात सैल सोडतात. अटल सेतू आणि द्रुतगती मार्गाची सवलत खरी. पण दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशीच्या नाक्यांवरची बचत इलेक्ट्रिकच्या खात्यात मांडणे ही निव्वळ थाप. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या वाहनांना टोल नाही.

व्यावसायिकांसाठी एक मुद्दा स्वतंत्र आहे. धंद्यासाठी वापरलेल्या इलेक्ट्रिक मोटारीवर घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून होणारी वजावट, ४० टक्के मिळतो, साध्या मोटारीवर १५. पंधरा लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी सहा लाख विरुद्ध सव्वादोन लाख, आणि हे नव्या करप्रणालीतही चालते. पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसारा निम्मा. ही रेघ ३ ऑक्टोबरला पडते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता आणि दिवाळी पाडवा २२ ला. दसऱ्याला गाडी काढून वापरात आणणाऱ्याला पूर्ण घसारा, पाडव्याला काढणाऱ्याला अर्धा. खासगी वापराचा हिस्सा यातून वगळावा लागतो. जे डॉक्टर, वकील, वास्तुविशारद कलम ४४-एडीएखाली ढोबळ पन्नास टक्के नफा दाखवतात, त्यांना घसारा वेगळा मागताच येत नाही, हे मात्र गाडी घेण्याआधी लक्षात घ्यावे. भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिटही (तो पुढच्या जीएसटीतून वळता करण्याची सोय) नेहमीच्या व्यवसायात प्रवासी मोटारीवर मिळत नाही. टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

आमची मागणी साधी आहे. विक्रेत्यांच्या कोटेशनवर टीसीएसची ओळ वेगळी असावी आणि तिच्यापुढे ‘रिटर्नमध्ये परत मिळते’ असे मराठीत छापावे. ८०-ईईबीचा उल्लेख करायचाच असेल तर ३१ मार्च २०२३ ही तारीख त्याच अक्षरांत असावी. आरटीओ कार्यालये विक्रेत्यांना व्यवसाय प्रमाणपत्र देतात, त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी कोटेशनचा नमुना मागून घेणे त्यांना अवघड नाही.

आपले,
दोन करसल्लागार, दादर, मुंबई