कोल्हापूरची आठ अक्षरं

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, फिल्ममध्ये वापरलेल्या जुन्या चित्रणाची यादी संग्रहालयाला द्यायची आहे म्हणून क्लिपांची नावं हाताने टाइप करतेय, दीडशे झाली, अडीचशे राहिली. तेव्हाच बोलणार होतो, पण आवाज इतका दमलेला होता की म्हटलं झोपू दे आधी.

टायपिंग थांबव बाई. ती यादी प्रीमियरकडे, म्हणजे तू ज्यात संकलन करतेस त्या सॉफ्टवेअरकडे, तयारच आहे, फक्त मागायची. सिक्वेन्सची, म्हणजे टाइमलाइनवर रचलेल्या फिल्मची, एक प्रत काढ. तिच्यात संग्रहालयाच्या क्लिपा तेवढ्या ठेव, बाकी सगळं पुसून टाक, आणि उरलेल्या एकाच ट्रॅकवर उतरवून घे. ही शेवटची गोष्ट विसरू नकोस, कारण ईडीएल, म्हणजे कटांची यादी, एका वेळी चित्राचा एकच ट्रॅक धरते. वरच्या ट्रॅकवर काही राहिलं तर ते गुपचूप गळतं, कुणी सांगायला येत नाही. मग फाइल, एक्सपोर्ट, ईडीएल. निघालेली फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक कटाची एक ओळ, तिच्यात चार टाइमकोड, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचे आकडे: मूळ क्लिपमधले आत-बाहेर आणि तुझ्या फिल्ममधले आत-बाहेर. क्लिपचं नाव त्या ओळीच्या खाली, 'फ्रॉम क्लिप नेम' असं लिहून येतं. रिळाच्या रकान्यात सगळीकडे 'एएक्स' दिसलं तर घाबरू नकोस. टेपचं नाव नसलेल्या क्लिपला ते तसंच लिहितं.

त्या रिळाच्या रकान्याने माझी एकदा चांगलीच जिरवली होती. सीएमएक्स ३६०० नावाच्या जुन्या ईडीएलमध्ये रिळाच्या नावाला आठच अक्षरं मिळायची. आम्ही तालमींवर माहितीपट करत होतो. टेपांना मी हौसेने इंग्रजीत नावं दिली, कोल्हापूर एक, कोल्हापूर दोन, तीन. आता इंग्रजीत कोल्हापूर लिहून बघ. बरोब्बर आठ अक्षरं! आकडा कापला गेला, आणि यादीत तिन्ही टेपा नुसत्याच 'कोल्हापूर' झाल्या. त्यात तिन्हींचा टाइमकोड एकाच तासापासून सुरू होणारा. ऑनलाइनला, म्हणजे यादीवरून मूळ टेपा जोडून अंतिम फिल्म करायला बसलो, तर पैलवान लांग कसतोय त्या जागी गुऱ्हाळातली काहील. एडिटिंग सूटचं भाडं तासाला, निर्माता मागे उभा. मी रात्रभर टेपा पुढेमागे करत बसलो. चूक यंत्राची नव्हती. यादी काढून मी ती वाचलीच नव्हती.

तुझ्याकडे टेपा नाहीत, पण नावांचा घोळ आहेच. तू क्लिपांना 'आजी हसते', 'मोर्चा लांबून' अशी नावं देतेस, ते मला आवडतं. पण संग्रहालयाला तुझी आजी कळायची नाही, त्यांना त्यांचा फाइल क्रमांक हवा. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये नाव बदललं की डिस्कवरच्या फाइलचं नाव बदलत नाही. आणि आधीच टाइमलाइनवर टाकलेल्या तुकड्यांवर बहुधा जुनंच नाव राहतं. म्हणजे एकाच यादीत काही नावं तुझी, काही त्यांची. त्यांनी पाठवलेला फाइल क्रमांक कुठे दिसतो ते आधी बघ आणि यादी त्यावरून सरळ कर.

आणखी एक, पैशांचं. हक्काचे पैसे सेकंदावर आहेत ना? मग टाइमकोडमधले शेवटचे दोन आकडे फ्रेम आहेत हे लक्षात ठेव, दशांश नव्हेत. तुमचं काम सेकंदाला २५ फ्रेमचं. ४ सेकंद २० फ्रेमच्या दहा क्लिपा म्हणजे ४८ सेकंद. एक्सेलमध्ये ४.२० लिहून बेरीज केलीस तर ४२ येतील आणि निर्माता खूश होईल, बिल येईपर्यंत. त्याच एक्सेलला '०००१' अशा क्रमांकातली सुरुवातीची शून्यं खायची खोड आहे. क्रमांकांचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेव.

आधी दहा क्लिपांची यादी काढून त्यांना पाठव, चालेल का विचार, मगच बाकीची काढ. टाइप केलेली दीडशे फेकू नकोस, ताडून बघायला कामाला येतील.

आईने शेंगदाण्याची चटणी पाठवली आहे. या वेळी तिखट कमी आहे म्हणते, माझा विश्वास नाही.

तुझा,
बाबा