सड्यावरच्या फुलांना वर जायला जागा नाही

संपादक महोदय,

साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा फुलांचा बहर यंदा उशिरा की लवकर, यावर दरवर्षी बातम्या येतात. पण पर्यटकांचा हंगाम हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे.

सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या या जांभ्या दगडाच्या सड्यावर (म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर) मातीचा थर बऱ्याच ठिकाणी बोट-दोन बोटंच असतो. तो पाणी साठवत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच सुकतो. ‘सीतेची आसवं’ ही कीटकभक्षी वनस्पती ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्मजीव पकडते, त्यासाठी पाण्याचा पातळ पापुद्रा सतत हवा. गेंद ही गोल पांढऱ्या फुलांची छोटी वनस्पती कीटकभक्षी नाही, पण ओलाव्याबाबत तिची गत तीच. दोन्ही प्रामुख्याने एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. त्यामुळे पावसाची एकूण सरासरी गाठली गेली तरी ऑगस्टमधली लांब उघडीप बी धरण्याआधीच रोपं मारू शकते. एखादं वाईट वर्ष मातीतलं जुनं बी निभावून नेतं, सलग तीन-चार नाही. सड्यावरच्याच वायतुरा या वनस्पतीला निदान जमिनीखाली कंद आहे, त्यातून ती पुन्हा उगवू शकते.

तापमान वाढलं की डोंगरउतारावरच्या जाती वर सरकतात. सड्यावरच्यांनी कुठे जायचं? वर आकाशच आहे!

म्हणून नोंदी हव्यात: एक मीटर चौकटीचे कायमचे तुकडे आखून जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला पहिलं फूल, पहिलं बी, मातीची खोली आणि कोरडे दिवस टिपावेत. नुसते फोटो पुरत नाहीत, ते फुललेलंच दाखवतात.

– काही वनस्पती अभ्यासक, सातारा