मधल्या सीटवर जाऊन बसलेल्या मुलास

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मुला,

तू नाव सांगितलं होतंस आणि ते माझ्या लक्षात आहे. पण तुला विचारल्याशिवाय चारचौघांत तुझं नाव घेणं मला बरं वाटत नाही. गेल्या महिन्यात मुंबईहून नेवार्कला आलेल्या विमानात ३४ व्या रांगेत तू माझ्या शेजारी होतास. तू अकोले तालुक्यातला, मी साताऱ्याची, शाळेतून निवृत्त झालेली, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली काकू. एवढ्यावरून ओळखशील.

उतरल्यावर रांगेत आपली चुकामूक झाली आणि आभार मानायचे राहून गेले. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र.

तुला मी विमानात अर्धंच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी याच प्रवासाहून परतताना माझ्या डाव्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. त्या वेळी निघण्याआधी मला सगळ्यांनी सगळं सांगितलं. बॅगेत २३ किलोच्या वर एक ग्रॅम नको, लोणच्याच्या बरणीला दोन पिशव्या घाल, अधिकाऱ्यानं विचारलं तर काय उत्तर द्यायचं. तिकीट काढून देणाऱ्यानं सांगितलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही, की बाई, सोळा तास एका जागी बसू नकोस. उलट एका नातेवाइकांनी झोपेची गोळी हातावर ठेवली. 'खा आणि झोप, डोळे उघडलेस की घर आलं.'

मी तसंच केलं. त्या विमानातही माझी सीट मधलीच होती. कडेला एक गृहस्थ होते. पहिल्यांदा मी उठले तेव्हा ते उठले. दुसऱ्यांदा त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्‌ केलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढे मी पाणी पिणंच बंद केलं, म्हणजे उठायला नको. गोळी घेतली, सीटवरच मांडी घातली आणि झोपून गेले. आपल्या बायका असंच करतात रे. दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःचं पाणी तोडतात.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोटरी दुखायला लागली. गावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पायाला हात लावला नाही, साडी घोट्याच्या वर करायलाही सांगितलं नाही. 'प्रवासाचा शीण आहे, या वयात सूज येतेच,' म्हणाले आणि दुखण्यावरची गोळी दिली. सहाव्या दिवशी शेजारची मुलगी भाजी द्यायला आली. ती नर्सिंग शिकते. तिनं माझे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, 'मावशी, दोन्ही पाय सुजले असते तर मी एवढी घाबरले नसते. हा एकच सुजलाय, आणि गरम लागतोय.' तिनं त्याच संध्याकाळी मला सोनोग्राफीला नेलं. गुठळी गुडघ्याच्या वर पोचली होती. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली असती तर आज ही नात माझ्या मांडीवर नसती.

त्यानंतर ज्या डॉक्टरांकडे माझे उपचार झाले, ते मात्र समजावून सांगणारे भेटले. ते म्हणाले, पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपासारखं काम करतो. चाललं की तो दाबला जातो आणि रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास बसून राहिलं की पंप बंद, रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठायला बघतं. याला विमानच लागतं असंही नाही. चार तासांच्या वर बस, रेल्वे, मोटार, कशातही बसून राहिलं तरी धोका दोन-तीन पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली हे मांडलं होतं. धडधाकट माणसाच्या बाबतीत तो धोका तसा लहानच, सुमारे सहा हजारांत एक. पण एकदा गुठळी झालेल्या बाईचा हिशेब वेगळा.

मी सदतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मनात रुतून बसली. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी घडीच्या खुर्च्यांवर रात्री काढायचे. बॉम्बपासून वाचलेली ती माणसं सकाळी उठून चालू लागायची आणि कोसळायची. कीथ सिम्पसन नावाच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी करून लिहिलं, की हे मृत्यू फुप्फुसात गेलेल्या गुठळीचे आहेत. रात्रभर खुर्चीची कड मांडीखाली रुतत होती. विमानातली सीट काय, ती खुर्ची काय. ऐंशी वर्षांहून जुनी गोष्ट ही, आणि मला ती पाय सुजल्यावर कळली.

तर या वेळी मी तयारीनिशी निघाले होते. घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे पायात होते. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषधही घेतलं होतं. ते माझ्या एकटीपुरतं आहे म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. मनानं अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, झोपेची गोळी तर नकोच, असंही त्यांनी बजावलं होतं. व्हीलचेअर मुद्दाम घेतली नव्हती, कारण मला चालायचं होतं. फक्त कडेची सीट हवी होती. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी विमानतळावरच्या काउंटरपाशी उभी राहिले. तिथल्या माणसानं चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. 'विमान फुल आहे मॅडम, आधी पैसे भरून घ्यायची असते.' मी पुन्हा मधल्या सीटचा कागद हातात घेऊन आत आले. खरं सांगते, पायांपेक्षा मला त्या च्‌ आवाजाची जास्त भीती वाटत होती.

आणि कडेला तू होतास. मी बसल्या बसल्या चाचरत म्हणाले, 'बाळा, मला जरा अधूनमधून उठावं लागेल, पायाचं दुखणं आहे.' तू हेडफोन काढलेस, सगळं ऐकून घेतलंस, उठलास आणि म्हणालास, 'काकू, तुम्ही इकडं या. मी आत बसतो.' सव्वासहा फुटांचा मुलगा तू, गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. मी नको नको म्हणाले. तू तोवर माझी पिशवी वर ठेवून दिली होतीस.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी जन्मभर नाव काढलं असतं.

जेवणं झाली, दिवे मंद झाले. माझा डोळा लागला आणि तू हळूच म्हणालास, 'काकू, जरा जाऊ देता?' मी उठले. तू बाहेर आलास आणि म्हणालास, 'आता उभ्याच आहात तर चला मागं, पाय मोकळे करू.' मागे क्रूच्या जागेपाशी आपण उभे राहिलो, मी शाळेतल्या कवायतीसारख्या टाचा वर-खाली केल्या, तू तुझी स्टीलची बाटली भरून घेतलीस आणि माझ्या हातात दिलीस. तासा-दीड तासानं पुन्हा तेच. 'काकू, जरा जाऊ देता?' मला वाटलं, पोराला झोप येत नसेल, किंवा पाणी फार पीत असेल. मागे उभं राहून तू गप्पा मारायचास. माझा घसा कोरडा पडला होता तेव्हा म्हणालास, 'काकू, या हवेत ओलावा वीस टक्केसुद्धा नसतो. आणि हवेच्या हिशेबानं आपण आत्ता कळसूबाईच्या डोक्यावर उभे आहोत.' मला ते खोटं वाटलं. इथे आल्यावर जावयांना विचारलं. विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीपासून १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात, आणि कळसूबाई १६४६ मीटर. तू कमीच सांगितलं होतंस.

अटलांटिकवर असताना केव्हातरी मला आपोआप जाग आली. तू झोपला होतास. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड जरासं उघडं, लहान मुलाला लागते तशी गाढ झोप. इतक्यात तुझ्या शर्टाच्या खिशात काहीतरी थरथरलं. फोन. तू दचकून जागा झालास, खिशावर हात दाबून तो बंद केलास, डोळे चोळलेस, चेहऱ्यावरून हात फिरवलास. मी पटकन डोळे मिटून घेतले. आणि मग तुझा तोच आवाज, अगदी ताजातवाना: 'काकू, जरा जाऊ देता? मला काही झोपच येईना.'

मी उठले. तुझ्या मागोमाग त्या अंधाऱ्या वाटेतून चालत गेले आणि मला रडू आवरेना. तुला दिसू नये म्हणून मी पाणी पीत राहिले.

सबंध प्रवासात तू असं नऊ वेळा केलंस. मी मोजलं आहे. 'काकू उठा, चाला, नाहीतर गुठळी होईल' असं एकदाही म्हणाला नाहीस. तसं म्हणाला असतास तर तिसऱ्या खेपेला मी म्हणाले असते, 'राहू दे रे बाळा, तू झोप.' तुला ते कळलं होतं. म्हणून तू अडचण स्वतःची केलीस आणि मला तुला वाट करून देणारी बाई केलंस. सोळा तासांत मी एकदाही कुणाला त्रास दिल्यासारखं मला वाटू दिलं नाहीस.

माझी आई शेजारच्या घरी पीठ द्यायची. त्यांच्याकडे कमावतं माणूस राहिलं नव्हतं. डबा हातात देताना ती दर वेळी म्हणायची, 'गिरणीवाल्यानं जास्तच दळून दिलं बघ, पडून राहिलं तर जाळी धरेल, तुम्ही थोडं संपवा.' मी लहान होते, मला ते खरंच वाटायचं. घेणाऱ्याला मिंधं वाटू नये एवढी काळजी तिनं आयुष्यभर केली. ती गेल्यावर मी समजून चालले होते, की ही रीत तिच्या पिढीबरोबर संपली. बाळा, ती तुझ्याकडे कुठून आली? तुझ्या घरी कुणी शिकवली? तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांना मी ओळखत नाही, पण मला त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

आज बरोबर चार आठवडे झाले. रोज रात्री लेक दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मोजते, कारण प्रवासानंतर काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं आहे. दोन्ही पाय सारखे आहेत. सूज नाही, दुखणं नाही. बाळंतिणीला शेक-शेगडी, नातीला तेल लावून अंघोळ, सगळं माझ्या हातानं करते आहे. नात रात्री दोनला उठते तेव्हा तिला खांद्यावर घेऊन मी दिवाणखान्यात फेऱ्या मारते. दर फेरीला तू आठवतोस.

आणखी एक. तुझी स्टीलची बाटली माझ्याकडेच राहिली. निळ्या झाकणाची, तळाशी पोचा आलेली. उतरायच्या घाईत माझ्या पिशवीत आली असावी. घासूनपुसून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आहे. मी जूनपर्यंत इथे आहे. लेकीसाठी डिंकाचे लाडू केले त्यातले बारा तुझ्यासाठी वेगळ्या डब्यात काढलेत. हे पत्र वाचलंस तर बाटली न्यायला ये.

तुझी,
३४ व्या रांगेतली काकू