बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन

ती. आई-बाबांस,
सा. न.

डॉक्टरांना भेटून आले आणि तारीख घेऊनच आले. दसऱ्यानंतरचा सोमवार. आधी विचारलं असतं तर बाबा ‘बघू पुढे’ म्हणाले असते, म्हणून ठरवून मग लिहितेय. रागावू नका.

श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी काढल्यावर तिथलं भोक बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत आपोआप मिटतं. बाबा, तुमची नळी चार महिन्यांच्या वर राहिली. इतके दिवस राहिली की बाहेरची कातडी आत वळून श्वासनळीच्या अस्तराला जुळते. टोचलेल्या कानाचं भोक राहतं ना, तसंच. सहा महिने वाट पाहिली, आता ते आपणहून बुजायचं नाही. आई, तुझ्या पट्ट्या बदलण्यात काही कमी नव्हतं गं. हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं.

आधी दुर्बिणीनं बघतील, वरचा श्वासाचा रस्ता मोकळा आहे ना. मग ती आत वळलेली कातडी काढून श्वासनळी शिवायची, मानेचे स्नायू मध्ये ओढून घ्यायचे आणि वर कातडीचे टाके. कधी कधी कातडीखाली हवा साठते, म्हणून ती बाहेर यायला छोटा ड्रेन, म्हणजे बारीक नळी, ठेवतात आणि रात्रभर लक्ष ठेवतात. मी तिथेच असणार आहे.

परवा फोनवर तुम्ही ‘चिमे’ म्हणालात आणि गळ्याच्या भोकावर दाबलेलं बोट सुटलं. ‘मे’ची नुसती हवा ऐकू आली. गल्लीच्या टोकावरून तुमची हाक आली की मी खेळ टाकून पळत यायचे, बाबा. मला तो आवाज हवाय. आणि खोकला नीट सुटायला लागला की छातीत कफ साठणं कमी होईल, हे त्याहून मोठं.

राहायची काळजी नको. खिडकीजवळचा पलंग तुमचा, बाथरूमला लागून. पाचचा चहा मी करीन. आईला देवासाठी कोनाडा रिकामा केलाय.

आता नीट ऐका. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आंघोळीला भोकात पाणी जाऊ द्यायचं नाही. ऑपरेशननंतर जोरानं खोकायचं नाही, कुंथायचं नाही. मान सुजली किंवा दाबल्यावर कुरकुरली तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. आणि आई, डिस्चार्ज कार्ड, जुने एक्स-रे सगळं एका पिशवीत घाल, बाबांच्या हातात देऊ नकोस.

तुमची,
चिमी