घरी बांधलेली गाडी तपासून तरी पाहा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : स्वतःच्या वापरासाठी घरी बांधलेल्या एकट्या चारचाकीच्या तपासणीची व नोंदणीची सोय करण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातील एक आंबा बागायतदार आहे. आमची आंब्याची कलमे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर, आहेत आणि घरही तिथेच आहे. खालच्या डांबरी सडकेपासून वर येणारी वाट आमच्याच जमिनीतून, दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून येते. सर्वांत अरुंद जागी ती सव्वापाच फूट रुंद आहे, त्यामुळे आज बाजारात नव्या मिळणाऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्यांपैकी एकही तेथून जात नाही. जूनपासून कातळावर शेवाळ धरते, मधल्या वहाळाला गुडघाभर पाणी असते आणि चढ असा की साधी गाडी पहिल्याच वळणावर घसरते. म्हणून माझ्या चुलतभावाने व मी भंगारात निघालेल्या एका जुन्या जीपचे दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि डिझेल इंजिन घेऊन, चासी व सांगाडा स्वतः वेल्डिंग करून, तीन वर्षांत पावणेपाच फूट रुंदीची गाडी बांधली. ती आमच्या फाटकाच्या आतच चालते. सार्वजनिक रस्त्यावर मी ती आजवर नेलेली नाही.

गेल्या श्रावणात शेजारच्या घरातील एका आजींना रात्री दम लागला. पूर्वी अशा वेळी खुर्चीला बांबू बांधून चार माणसे रुग्णाला खाली नेत असत. त्या रात्री आम्ही त्यांना आमच्या गाडीतून बारा मिनिटांत फाटकापर्यंत आणले आणि तेथे थांबलो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका चाळीस मिनिटांनी आली. तिचा दोष नाही, ती लांबून येत होती. आजी सुखरूप घरी परतल्या, परंतु फाटकाशी इंजिन चालू ठेवून, त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत काढलेली ती चाळीस मिनिटे मी विसरलेलो नाही. पुढे जाण्याइतकी गाडी धडधाकट होती, पण तिला नोंदणी नव्हती, म्हणून विमाही नव्हता, आणि वाटेत कोणाला धक्का लागला असता तर त्या माणसाला भरपाई देणारे कोणी नव्हते.

त्यानंतर मी एका परिवहन कार्यालयात चौकशीसाठी गेलो. गाडी न पाहताच नकार मिळाला. तेथील अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे नमुना वाहन चाचणी संस्थेकडे न्यायचे असते ते उत्पादकाने किंवा आयातदाराने, आणि ही सारी व्यवस्था एकाच नमुन्याच्या शेकडो गाड्या विकणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. विक्रीसाठी नसलेली एकच गाडी बांधणाऱ्याला तिच्यात जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे गाडीतील फेरफारांना आळा घालणारे कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेला, प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपयांचा दंड हे दोन्ही मला मान्य आहेत, कारण कारखान्याने तपासून दिलेल्या गाडीत मनमानी बदल करणे धोक्याचे असते. माझा प्रश्न निराळा आहे. जी गाडी कोणी कधी तपासलीच नाही, ती तपासून घ्यायला मी कोठे जावे?

बागेत चालणारी गाडी आणि रोज बाजारपेठेत नेण्याजोगी गाडी यांत किती अंतर आहे, हे मला अनुभवाने कळले आहे. सड्यावर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने गाडी निर्दोष वाटत होती. कातळावरच्या आमच्याच सपाट पट्ट्यात वेग पंचेचाळीसच्या पुढे गेला, तेव्हा स्टिअरिंग हातातून निसटेल इतके थरथरू लागले. उंचीसाठी आम्ही स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या वर घेतले होते. त्यात पुढच्या एक्सलचा कोन बिघडला होता, आणि पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंग पिनचे बेअरिंगही झिजलेले होते. दोन्ही दुरुस्त केल्यावर थरथर गेली. ब्रेकचे काम याहून महत्त्वाचे होते. वहाळातून बाहेर आल्यावर ओले ड्रम ब्रेक काही अंतर धरतच नाहीत, म्हणून पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि एक नळी फुटली तरी दोन चाकांचा ब्रेक शाबूत राहावा यासाठी दुहेरी मास्टर सिलेंडर घेतला. डिझेल इंजिन ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला पुरेशी निर्वात पोकळी आपणहून देत नाही, म्हणून अल्टरनेटरवर निर्वात पंप जोडला. गरम एक्सल थंड पाण्यात उतरला की त्याच्या हवा येण्याजाण्याच्या नळीतून पाणी आत ओढतो, त्यामुळे त्या नळ्या बॉनेटपर्यंत वर नेल्या. खाऱ्या हवेत लोखंडी ब्रेकनळ्या लवकर गंजतात, म्हणून त्या तांबे-निकेलच्या केल्या. टायर एकोणतीस इंचांवरून एकतीस इंचांचे झाल्यामुळे स्पीडोमीटर साठ दाखवी तेव्हा खरा वेग चौसष्ट असे, तोही सुधारून घेतला. पुढचा लोखंडी गार्ड मात्र काढून टाकला, कारण पायी चालणाऱ्याला त्याचा मार जीवघेणा ठरतो.

एवढे करूनही गाडी रस्त्यासाठी सुरक्षित आहे, असे मी स्वतः म्हणू शकत नाही. माझे वेल्डिंग आतून कसे आहे, सीटबेल्टचे बोल्ट अपघाताचा झटका सोसतील का, हे यंत्रसामग्री असलेल्या तज्ज्ञानेच सांगावे. धुराच्या बाबतीतही मला सवलत नको. माझे इंजिन भारत स्टेज ६ मानकात बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तशी अट घातल्यास अपघातग्रस्त नव्या गाडीचे इंजिन, त्याच्या संपूर्ण धूरशुद्धीकरण यंत्रणेसह, बसवण्याची माझी तयारी आहे.

बागेसाठी एक आणि रस्त्यासाठी एक अशा दोन गाड्या का ठेवत नाही, असे मला विचारले जाते. हापूसची पेटी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जितक्यांदा चढते-उतरते, तितके देठ मोडतात, चीक फळावर ओघळतो आणि डागी फळाचा भाव पडतो. दुसऱ्या गाडीचा खर्चही लहान बागायतदाराला झेपत नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली, तेव्हा ती नियमांत बसत नाही हे सांगूनही उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि २०२२ च्या जानेवारीत त्या कारागिराला बोलेरो देऊन ती जीप स्वतःकडे घेतली. त्या कारागिराचा मान राहिला, याचा आनंद आहे. परंतु प्रत्येक गावातील कारागिराला असा दाता भेटणार नाही, आणि भेटला तरी त्याची गाडी रस्त्यावर येत नाहीच.

ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. आपल्याकडेही पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वापरावर मर्यादा घालून निराळी नोंदणी सुरू केली. अधिनियमाच्या कलम २ब नुसार नवनिर्मितीला उत्तेजन देण्यासाठी केंद्र सरकार काही प्रकारच्या वाहनांना सूट देऊ शकते, तर कलम ११० मध्ये केंद्राने घातलेल्या अटींच्या अधीन राहून राज्य सरकारलाही काही नियमांतून सूट देता येते. पुण्याची एआरएआय व सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या चाचणी संस्था आपल्याच राज्यात आहेत. तेव्हा, एका व्यक्तीला एकच गाडी, विक्रीस बंदी, ठरावीक वेगमर्यादा, फक्त नोंदणीच्या जिल्ह्यात वापर आणि दरवर्षी फेरतपासणी, अशा कडक अटींवर ही वाट खुली करावी व तशी शिफारस केंद्राकडे पाठवावी, ही माझी विनंती आहे. तपासणीचा संपूर्ण खर्च मालकाने सोसावा. गाडी नापास झाल्यास त्रुटी लेखी कळवाव्यात. त्या दूर होईपर्यंत मी ती फाटकाबाहेर नेणार नाही.

आपल्या विभागाचा एखादा मोटार वाहन निरीक्षक येणार असेल, तर त्यांनी जुलैमध्ये, वहाळाला पाणी असताना यावे. ओल्या ब्रेकची परीक्षा तेव्हाच खरी होईल.

आपला नम्र,
एक आंबा बागायतदार,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी.