नऊ लाख मतांची थट्टा

महोदय,

फारसा कुणाला ठाऊक नसलेल्या एका जपानी फुटबॉलपटूला नेटकऱ्यांनी डोक्यावर घेतल्याचा मजकूर आपल्या क्रीडा पुरवणीत वाचला. खुसखुशीत आहे, पण खुद्द त्या खेळाडूला काय वाटलं, याबद्दल त्यात एक ओळ नाही. मला एकदम जपानमधलं नागोया शहर आठवलं.

2003 साली कंपनीच्या कामासाठी मी तिथे होतो. खेळ बेसबॉलचा, गंमत मात्र हीच. तिथल्या चुनिची ड्रॅगन्स संघात केनजिरो कावासाकी नावाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता. आधीच्या याकुल्ट स्वॅलोज संघात असताना 1998 मध्ये त्याने सावामुरा पुरस्कार मिळवलेला. पिचरला तिथे याहून मोठा मान नाही. 2001 मध्ये चार वर्षांच्या करारावर तो नागोयाला आला आणि खांद्याने दगा दिला. तिसरा मोसम उजाडला तरी मुख्य संघाकडून त्याने एक चेंडू टाकला नव्हता. अशात ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी चाहत्यांचं मतदान सुरू झालं आणि नेटवरच्या टोळक्याने ठरवलं, यालाच निवडून आणायचं. बसून पगार खातो ना, मग जिरवू या! नऊ लाखांवर मतं पडली. ड्रॅगन्स ज्या सेंट्रल लीगमध्ये खेळतात, तिथल्या पिचरांत पहिला कोण, तर कावासाकी.

कँटीनमध्ये यावर रोज हशा पिकायचा. खोटं कशाला सांगू, मीही हसायचो. माझ्या शेजारी बसणारे एक वयस्क सहकारी, ड्रॅगन्सचे कट्टर भक्त, तेवढे मान खाली घालून जेवत राहायचे. कावासाकीने निवड नाकारली. आयोजकांनी पुढे नियमच बदलले.

मतदान अंगाशी आलं की आयोजकांची धावपळ होते, हे काही जपानपुरतं नाही. 2000 साली ‘फिफा’ने शतकातला सर्वोत्तम फुटबॉलपटू नेटवरून निवडायला सांगितला. लोकांनी निम्म्याहून जास्त मतं मॅराडोनाच्या पारड्यात टाकली आणि मग पेलेंसाठी दुसरा पुरस्कार काढावा लागला. पण ती मतं प्रेमाची होती. कावासाकीची तशी नव्हती आणि ते त्यालाही कळत असणारच.

2004 च्या एप्रिलमध्ये ड्रॅगन्सचे नवे मॅनेजर ओचिआई यांनी मोसमाच्या सलामीलाच, हिरोशिमाविरुद्ध, चेंडू थेट कावासाकीच्या हाती दिला. त्या संध्याकाळी मी त्याच सहकाऱ्यांच्या घरी जेवायला होतो. टीव्हीवर नाव ऐकताच त्यांनी उचललेला घास चॉपस्टिक्ससकट वाडग्यात ठेवला तो ठेवलाच. नऊपैकी दुसऱ्याच डावात पाच धावा गेल्या आणि कावासाकी बाहेर आला. मला काय बोलावं सुचेना. ते मात्र पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, “हात खांद्याच्या वर जातोय, पाहिलंत?”

ड्रॅगन्सनी तो सामना 8-6 असा फिरवला आणि त्या वर्षी लीगही जिंकली. कावासाकी मोसम संपल्यावर निवृत्त झाला.

आपल्या बातमीतल्या फुटबॉलपटूबद्दल पुन्हा काही छापणार असाल, तर त्याला गाठून एकदा विचारा. निदान त्याने यंदा किती सामने खेळले, तेवढं तरी द्या. त्याचे फॉलोअर किती वाढले, ते तीनदा छापून झालं आहे.

– एक वाचक, चिंचवड