तेल मुरवताना पाण्याचा विसर नको

संपादक महोदय,

पुरवणीत घरी तेले मुरवण्याच्या कृती वाचल्या. सोललेला लसूण शेंगदाणा तेलात बुडवून बरणी महिनाभर ओट्यावर ठेवा, अशी एक. ताजा माका आणि जास्वंद खोबरेलात घालून पंधरा दिवस उन्हात ठेवा, अशी दुसरी. पहिली धोक्याची आहे, दुसरीने तेल नासते. दोन्हीत दोष एकच : लसणाच्या पाकळीतले आणि पाल्यातले पाणी कुठे गेले, हे कुणी विचारलेच नाही.

आधी लसूण. तो मातीत वाढतो आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात. ते धुऊन खात्रीने जात नाहीत, उकळत्या पाण्यातही टिकतात. मोकळ्या हवेत ते निपचित पडून राहतात. पाकळी तेलात बुडाली की हवा तुटते, आत ओलावा असतोच, आंबटपणा नसतो आणि ओट्यावरची ऊब मिळते. मग जे विष तयार होते त्याला वास नाही, चव नाही. बरणी दिसायला झकास. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे तिसाहून अधिक जणांना विषबाधा झाली. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसेच घडले, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा विकाऊ तेलात आम्ल घालायला लावले.

यावर कुणी म्हणेल, आपले लसणाचे लोणचे वर्षभर टिकते की! टिकते, पण तेलामुळे नव्हे. लिंबाचा रस आणि सढळ मीठ टिकवते. तेल वरचे झाकण आहे. रस-मीठ काढून नुसते तेल ठेवले तर ते लोणचे राहत नाही.

लसणाचे तेल हवेच असेल तर २०० मिली शेंगदाणा तेलात ४० ग्रॅम ठेचलेला लसूण घालून अगदी मंद आचेवर बदामी होऊ द्यावा, गाळून लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. ओली मिरची, तुळस, ताजा कढीपत्ता यांनाही हाच नियम. खरे तर आपल्याकडे रोज ताजी फोडणी होते, त्यामुळे साठवायचे कारणच नाही. बाहेर ठेवायचे तेल वाळलेल्या जिनसांचेच करावे : सुकी मिरची, ओवा, तमालपत्र, किंवा चुरगाळल्यावर भुगा होईल इतका सुकवलेला कढीपत्ता. पान नुसते वाकले आणि मोडले नाही, तर ते अजून ओले आहे.

आता केसांच्या तेलाकडे. ओला पाला उन्हात ठेवून त्याचे पाणी उडत नाही, कारण वर तेलाचा थर असतो. पाच-सहा दिवसांत तेलावर आलेल्या पानाच्या टोकाला पांढरी लव दिसते आणि आंबूस वास येतो. तेल शिजवायची आपली रीत जुनी आहे आणि शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तिचे प्रमाणही आहे : द्रव तेलाच्या चौपट, द्रव काढा असेल तर कल्क (म्हणजे औषधीची वाटलेली चटणी) तेलाच्या सहावा भाग, स्वरस (ताज्या पाल्याचा पिळलेला रस) असेल तर आठवा. घरी माक्याचा चौपट रस काढणे जिवावर येते, म्हणून काढाच बरा. वाळलेला माका ५०० ग्रॅम, पाणी ४ लिटर. आटवून १ लिटर उरले की गाळावे. २५० ग्रॅम खोबरेल, हा काढा आणि आवळकाठीची पाण्यात वाटलेली ४० ग्रॅम चटणी एकत्र मंद आचेवर ठेवावी. पातेले जाड बुडाचे आणि मोठे घ्यावे. शेवटी फेस वर चढतो, आणि उतू गेलेले तेल गॅसवर म्हणजे भडका.

पाणी आहे तोवर उष्णता ते उडवण्यातच खर्च होते आणि तेल शंभर अंशांच्या आसपास राहते. तोवर उलथन्याने बूड खरवडत राहायचे, बाकी घाई नाही. पाणी संपत आले की तापमान झपाट्याने चढते. बहुतेक तेले याच पाच-दहा मिनिटांत करपतात. तेव्हा समोरून हलू नये. मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस येतो. (तुपात उलटे, तिथे फेस बसतो.) चिमूटभर कल्क बोटांत वळून पाहावा : चिकटला तर कच्चा, वात वळली तर झाले. ती वात चिमट्याने ज्योतीवर धरावी. तडतडली तर आत पाणी आहे, आवाज न करता जळली तर गॅस बंद. कल्क कडक होऊन काळा पडला, तर तेल करपले. ते डोक्याला लावू नये.

कोमट असतानाच कोरड्या फडक्यातून गाळून रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी वरचे ओतून घ्यावे आणि तळाचा गाळ टाकून द्यावा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते. थंडीत केलेले तेल थिजले की तळाचा पाण्याचा थेंब दिसेनासा होतो, म्हणून पातळ करूनच बाटली उजेडात धरावी.

त्वचेच्या तेलांबद्दल थोडेच. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच; नुसता ढवळून तेलात घातला की वेगळा होतो आणि कुजतो. लिंबाची ताजी साल तेलात मुरवून ते लावून उन्हात गेले, तर काळे डाग पडू शकतात. परदेशी व्हिडिओंतले कॅलेन्डुला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे; झाड वेगळे आहे. आणि ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातल्याने तेल खवट व्हायला उशीर लागतो, बुरशी मात्र थांबत नाही. आधार म्हणून तीळतेल घ्यावे, ते करडईपेक्षा उशिरा खवटते. नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे.

यापुढे अशी कृती छापताना तिच्याखाली एवढे जरूर द्यावे : पाला ओला की वाळलेला, आणि बाटली कुठे व किती दिवस ठेवायची. लसणाच्या कृतीची दुरुस्ती मात्र येत्या अंकातच यावी. ती बरणी आत्ता कुणाच्या तरी ओट्यावर असेल.

– एक वाचक, सातारा